मदत हवी आहे: ५० वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा एचटी फ्यूज वारंवार उडतो

ट्रेबल_बूस्ट
गिटारसाठीचा ब्रिटिश नमुन्याचा ५० वॉटचा हेड (स्पीकर वेगळा असलेला ॲम्प) आहे. दोन ईएल३४ (आउटपुट व्हॉल्व्ह), तीन ईसीसी८३ (सिग्नलचे छोटे व्हॉल्व्ह), फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळ्या सप्लायमधून ऋण व्होल्टेज), डायोड रेक्टिफायर. एचटीचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या उच्च डीसी व्होल्टेजचा, फ्यूज टी (स्लो-ब्लो) ५०० मिलिअँप. पंधरा-वीस मिनिटं आवाज स्वच्छ येतो, मग घरघर वाढते, आवाज दबतो आणि फ्यूज जातो. मेन्सचा फ्यूज शाबूत. त्याआधी एका ईएल३४ची प्लेट लाल होते. नवी मॅच्ड (सारखा करंट घेणारी) जोडी घालूनही तेच. दोन व्हॉल्व्हची अदलाबदल केली तरी लाल होतो तो आतल्या सॉकेटमधलाच. प्लेटवर ४६० व्होल्ट, स्पीकर १६ ओहमच्याच जॅकवर. पुढे काय तपासू?

जुना_स्पीकर
१ अँपचा फ्यूज टाकून बघा, कदाचित ५०० कमी पडत असेल.

प्लेट_करंट
कृपया तसं करू नका. प्लेट लाल होतेय म्हणजे करंट खरंच जास्त वाहतोय. मोठा फ्यूज टाकला तर पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि या ॲम्पमधला तो सगळ्यात महागड्या भागांपैकी एक.

दोष सॉकेटपाशीच राहतो, म्हणून व्हॉल्व्ह सुटले. एकच बाजू लाल होते, म्हणून बायस सप्लायही बहुतेक सुटला. तिथला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गेला असता तर दोन्ही लाल झाले असते. आता उरलं त्या सॉकेटच्या पिन ५चं, म्हणजे प्लेटचा करंट आवरणाऱ्या कंट्रोल ग्रिडचं ऋण व्होल्टेज.

दोन्ही ईएल३४ काढा, ईसीसी८३ राहू द्या. ॲम्प चालू करून दोन्ही सॉकेटच्या पिन ५वर अर्थच्या संदर्भाने डीसी व्होल्टेज मोजा. व्हॉल्व्ह काढल्यावर एचटी वीस-तीस व्होल्ट चढतो, तेव्हा फिल्टर कपॅसिटर ५०० व्होल्टचे आहेत ना ते आधी बघा. डागणी करण्यापूर्वी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर १० किलोओहम, १० वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नका.

ट्रेबल_बूस्ट
मोजलं. दोन्हीकडे उणे ३८.५. अर्धा तास चालू ठेवलं तरी हललं नाही. फेज इन्व्हर्टरकडून (दोन्ही ईएल३४ना परस्परविरुद्ध सिग्नल देणारा टप्पा) येणारे ०.०२२ मायक्रोफॅरडचे दोन्ही कपलिंग कपॅसिटर सोडवून मीटरवर पाहिले, व्हॅल्यू बरोबर. २२० किलोओहमचे ग्रिड लीक (ग्रिडला बायस पोचवणारे रेझिस्टर) पण बरोबर.

प्लेट_करंट
इथेच फसगत होते. ईएल३४ काढले की चॅसिस तापतच नाही, म्हणून दोष लपून बसतो. आणि मल्टीमीटर कपॅसिटर तपासतो एखाद-दोन व्होल्टवर. गळती दिसते ती दोनशे व्होल्टच्या वर, तेही गरम झाल्यावर.

कपॅसिटर परत जोडा, मीटरची क्लिप आतल्या सॉकेटच्या पिन ५ला लावून ठेवा आणि हेअर ड्रायरने त्या बाजूच्या कपॅसिटरवर गरम हवा सोडा. एक हात खिशात. प्लास्टिक वितळेल इतक्या जवळ नको. आकडा उणे ३८वरून शून्याकडे सरकू लागला तर कपॅसिटरचं इन्व्हर्टरकडचं टोक सोडवून पुन्हा तेच करा. आता आकडा जागेवर राहिला तर चोर सापडला. तरीही सरकला तर सॉकेट बदला: पिन ४वर स्क्रीनचा (दुसऱ्या ग्रिडचा) एचटी असतो, ५ शेजारीच, मधल्या काजळीतूनही गळती होते.

ट्रेबल_बूस्ट
गरम हवेने मिनिटभरात उणे २१! टोक सोडवल्यावर उणे ३८.४ला खिळून राहिला.

प्लेट_करंट
हिशेब बघा: २२० किलोओहमवर १७ व्होल्टचा फरक म्हणजे साधारण ७७ मायक्रोअँपची गळती. एवढ्याशा करंटने ग्रिड वर सरकतो, प्लेट २५ वॉटची मर्यादा ओलांडते, व्हॉल्व्ह आणखी तापतो आणि मग थांबत नाही.

दोन्ही कपॅसिटर बदला, ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ चौकशी करा. ४०० व्होल्टचा माथी मारतील, तो घेऊ नका.

सिरीज_बोर्ड
एक राहिलं. लाल झालेल्या बाजूचा स्क्रीन रेझिस्टर, १ किलोओहम ५ वॉट, तोही मोजा. ताणाखाली व्हॅल्यू चढते. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटच्या बल्बच्या सिरीजवर लावा. एलईडी चालत नाही, फिलामेंटचाच हवा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पेटूनच राहिला तर लगेच बंद.

ट्रेबल_बूस्ट
स्क्रीन रेझिस्टर १.४ किलोओहम निघाला, तोही बदलला. बल्ब मंद झाला. बायस किती ठेवू?

प्लेट_करंट
आता बल्ब काढून थेट मेन्सवर. २५ वॉटच्या सत्तर टक्के म्हणजे १७.५ वॉट, भागिले ४६० व्होल्ट: ३८ मिलिअँप. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप, पण त्यात स्क्रीनचे चार-पाच धरलेले असतात, ते वजा करा. बायस बदलला की प्लेट व्होल्टेजही बदलतं, म्हणून दोन्ही पुन्हा मोजा. लाल झालेला ईएल३४ तासभर दुसऱ्यासोबत चालवून बघा. दोघांत पाचेक मिलिअँपपेक्षा जास्त फरक पडू लागला तर जोडी बदला.