अँटीबॉडीसाठी ससे: नीट हाताळलं तर चालेल की बंदच करायचं?

कडूनिंब:
प्रयोगांसाठी सशाला एखादं प्रोटीन टोचतात, मग त्याच्या रक्तात त्या प्रोटीनला चिकटणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात आणि त्या रक्तातून काढून घेतात. पण अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांचे प्राणी ठेवतात तिथे, वर्षानुवर्षं काम केलेली माणसं सशाला अजून कानाला धरून उचलताना दिसतात, याचा मला मनापासून राग येतो. सशाच्या मागच्या पायात जोर भयंकर आणि हाडं हलकी, मागची बाजू हातावर तोलली नाही आणि त्याने लाथ झाडली की कमरेचा मणका मोडतो, मग त्याला दयामरण देण्यावाचून इलाज नाही. ससा सहसा ओरडत नाही, दुखणं लपवतो, म्हणून त्रास होत नाही असं लोक धरून चालतात.
माझं मत, अँटीबॉडी बनवा पण नीट बनवा. फ्रॉइंड्स कम्प्लीट अ‍ॅडज्युवंट (अँटीबॉडी जास्त बनाव्यात म्हणून प्रोटीनसोबत टोचायचं मिश्रण) गरज असेल तरच आणि फक्त पहिल्या डोसला, कातडीखाली बऱ्याच ठिकाणी वाटून, एका जागी ०.१ मिलीच्या आसपासच. त्यात तेल आणि क्षयाच्या कुळातले मेलेले जंतू असतात, परत टोचलं की गाठी, जखमा. बुस्टर, म्हणजे पुढचे डोस, ते जंतू नसलेल्या इनकम्प्लीटमध्येच द्या. आणि पायाच्या तळव्यात कधीच टोचू नका.

मोकळा_पिंजरा:
तुम्ही पिंजरा जरा मऊ करताय एवढंच. मुळात ससा हवाच कशाला? फेज डिस्प्लेला, म्हणजे जंतूंना लागणाऱ्या विषाणूंच्या मदतीने प्राण्याशिवाय अँटीबॉडी मिळवायच्या पद्धतीला, २०१८ ला नोबेल मिळालं, स्मिथ आणि विंटरना. युरोपच्या ईसीव्हीएएमने (प्राण्यांना पर्यायी पद्धती तपासणारं केंद्र) २०२० मध्ये सांगून टाकलं की अँटीबॉडीसाठी प्राणी वापरणं थांबवा. आणि धंदा म्हणून काय होतं तेही बघा, २०१६ साली अमेरिकेत सांताक्रूझ बायोटेक्नॉलॉजीला शेळ्या-सशांच्या देखभालीवरून ३५ लाख डॉलर भरावे लागले आणि लायसन्सही गेलं.

सेन्ट्रीफ्यूज:
नोबेल मिळालं म्हणून जिल्ह्याच्या कॉलेजात फेज लायब्ररी, म्हणजे त्या पद्धतीला लागणारा विषाणूंचा साठा, येत नाही हो. एखादं नवीन प्रोटीन घेऊन पीएचडी करणाऱ्या पोराला वेस्टर्न ब्लॉटपुरतं (नमुन्यात ते प्रोटीन आहे का बघायची चाचणी) सीरम, म्हणजे अँटीबॉडी असलेला रक्ताचा पातळ भाग, हवं असतं, सशाचं पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक प्रकारच्या अँटीबॉडींचं मिश्रण, प्रोटीनच्या बऱ्याच भागांना चिकटतं, दोन-तीन महिन्यात काम होतं. आणि छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा तुकडा, असलं की सौम्य अ‍ॅडज्युवंटवर टायटर (रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण) चढतच नाही कधीकधी, मग तोच प्रयोग दुसऱ्या सशावर, तो हिशोब कोण धरणार?

मोकळा_पिंजरा:
पण तो ससा मेला की तुमचं सीरमही संपलं, पुढच्या सशाचं सीरम वेगळं. रिकॉम्बिनंटचा, म्हणजे जनुकावरून प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटीबॉडीचा, सिक्वेन्स हातात असला की कायम तेच मिळतं. विज्ञान म्हणूनसुद्धा सशाचा मार्ग कच्चाच आहे.

कडूनिंब:
दर सशागणिक सीरम बदलतं हा मुद्दा खराच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण उद्या सकाळी ज्या सशाचं रक्त काढणार आहेत त्याचं काय? ३ किलोच्या सशात रक्त असतं साधारण १८० मिली, एका वेळी दहा टक्के म्हणजे १८ मिलीच्या वर जायचं नाही, कानाला आधी बधिर करणारं क्रीम लावून अर्धा-पाऊण तास थांबायचं. कुठे थांबतात? घाई असते सगळ्यांना.

सेन्ट्रीफ्यूज:
क्रीमचं पटलं, त्याला खर्चही फारसा नाही.

मोकळा_पिंजरा:
प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या १९९८ च्या नियमांनुसार एथिक्स कमिटी बसतेच ना, मग तिने एवढंच विचारावं की या प्रोटीनची तयार रिकॉम्बिनंट अँटीबॉडी शोधली का, कुठे शोधली, का चालली नाही. हे लेखी नसेल तर ससा द्यायचा नाही.

सेन्ट्रीफ्यूज:
विचारा, पण तयार मिळाली तर ती विकत घ्यायचे पैसेही ग्रँटमध्ये मंजूर करा. ससा स्वस्त पडतो म्हणूनच तर मागतात.