मजूर 'नाही' म्हणू शकतो, हेच खुपतं का?

माळरान: फेब्रुवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन म्हणाले की कल्याणकारी योजनांमुळे मजूर गाव सोडायला तयार नाहीत. त्यात मनरेगाचंही, म्हणजे गावात वर्षाला शंभर दिवस कामाची हमी देणाऱ्या योजनेचंही, नाव होतं. २०११ मध्ये कृषिमंत्री शरद पवारांनी ऐन हंगामात मनरेगा थांबवण्याची सूचना केली होती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी आलेल्या कायद्यात १२५ दिवसांची हमी आहे, पण पेरणी-काढणीचे ६० दिवस कामं बंद. पोलिश अर्थतज्ज्ञ मिखाल कालेत्स्की यांनी हे १९४३ मध्येच सांगितलं होतं: सगळ्यांना काम मिळालं की माल खपतो, नफाही वाढतो, तरी मालक विरोध करतात. कारण कामावरून काढण्याच्या धमकीत दम राहत नाही. पैशापेक्षा प्रश्न वचकाचा आहे.

चार_एकर: वचक कुणाचा कुणावर? सोयाबीन काढणीला आलं आणि आभाळ भरून आलं की मजुरांची टोळी सांगेल तो एकरी उक्ता भाव द्यावाच लागतो. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, बाजारात चार हजारांच्या आसपास विकलं. मला लार्सनच्या पंगतीला बसवू नका.

जॉबवर्क: शंभर दिवस माती उपसणं हा पूर्ण रोजगारच नव्हे. माझ्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, चालवणारा मिळत नाही. तोच पैसा आयटीआयवर लावा, माझा अजिबात विरोध नाही.

कोयत्याची_लेक: माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असायची, दवाखान्यापायी, किराण्यापायी. मग तोडणीचा दर काहीही निघो, जावंच लागायचं. गावात काम निघालं असतं तर त्यांनी उचल कशाला घेतली असती? काम मागायचा अर्ज, नमुना ४, भरून दिला तर पोच मिळायची नाही. पोच नाही, म्हणून पंधरा दिवसांनी बेकारी भत्ताही नाही. आयटीआय जरूर काढा, पण तिथे शिकेपर्यंत घरातली चूल कशावर पेटायची?

माळरान: १९८८ मध्ये महाराष्ट्रात रोहयोची, म्हणजे राज्याच्या जुन्या रोजगार हमी योजनेची, मजुरी जवळपास दुप्पट झाली, आणि पाठोपाठ कामं निघणंच आटलं. कायदा तसाच, हमी मात्र कागदावर. चार_एकर, तुमचं भांडण शेतमालाच्या भावाशी आहे, ते मजुराच्या अंगावर का काढायचं?

चार_एकर: पोचेचं खरं आहे, आमच्याकडेही तेच. पण मग माझ्या शेतातल्या मजुरीचा अर्धा भार योजनेने उचलावा.

कोयत्याची_लेक: उचलू दे. फक्त त्या हंगामात गावातलं दुसरं कामही चालू ठेवा, कुठे जायचं ते मजूर ठरवेल.