ऑनलाइन चर्चेत खऱ्या नावाची सक्ती असावी का?

रानजाई:
'खरं नाव लावायची हिंमत नसेल तर मतही मांडू नका' हे हल्ली फार ऐकू येतं. मला हे साफ अमान्य आहे. नवऱ्याची मारहाण सोसणारी बाई सल्ला मागते, कुणी स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल लिहितं, कुणी कामाच्या ठिकाणचा भ्रष्टाचार सांगतं. नाव कळलं की त्यांच्या दारापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? सक्ती केलीत तर हीच माणसं आधी गप्प होतील.

स्पष्टवक्ता:
त्या बाईचं मान्य. पण तिला घाणेरड्या शिव्या देणारेही टोपणनावंच घेतात. मला एकाने धमकी दिली होती. तक्रार केल्यावर आयडी गायब आणि लगेच नवा डू आयडी (त्याच माणसाचं दुसरं खातं) घेऊन स्वारी हजर! बाहेर हवं ते नाव लावा, पण संकेतस्थळाच्या चालकांकडे खरी ओळख असलीच पाहिजे.

आडवाट:
दक्षिण कोरियाने नेमकं हेच केलं होतं. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख तपासणं बंधनकारक होतं, टोपणनाव मात्र चालायचं. २०११ मध्ये तिथल्या 'नेट' (Nate) आणि 'सायवर्ल्ड' या संकेतस्थळांवरून साडेतीन कोटी खातेदारांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये संविधान न्यायालयाने ती तरतूद एकमताने रद्द केली. बेकायदा मजकूर लक्षणीय घटल्याचा पुरावाच न्यायालयाला दिसला नाही.

स्पष्टवक्ता:
चोरी झाली, कारण माहिती नीट सांभाळली नाही. म्हणून ओळख घ्यायचीच नाही?

रानजाई:
जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीला जात नाही. आणि वर्षानुवर्षं एकच टोपणनाव चालवणाऱ्याचं जुनं लेखन सगळ्यांसमोर असतं, त्याला त्या नावाची पत राखावीच लागते. तुमचा त्रास डू आयडींचा आहे, तर बंधनं नव्या खात्यांवर घाला. सुरुवातीला व्यनि (व्यक्तिगत निरोप) बंद, प्रतिसाद तपासूनच प्रकाशित.

निवांत:
रानजाईंना +१. टोपणनाव घेणाऱ्यांनीही जपावं. तेच नाव, तोच फोटो दुसरीकडे वापरला की माग लागतो. नोकरी, गाव, मुलांची शाळा असे तुकडे वेगवेगळ्या प्रतिसादांत सांडले, तरी जोडणारा ते जोडतोच.

स्पष्टवक्ता:
नव्या खात्यांवरच्या बंधनांना माझा पाठिंबा. पण धमकी देणाऱ्याला शोधणार कोण? माझ्या तक्रारीला साधं उत्तरही आलं नव्हतं.