मदत हवी आहे: आजीच्या माहेरचा इतिहास कुठून काढू? (तातडीचं)

महालकर: पुढच्या रविवारी आजी-आजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आहे. त्यात वाटायला दोन्ही घराण्यांच्या माहितीची छोटी पुस्तिका छापायची आहे. आजोबांकडची सहा पिढ्यांची वंशावळ काकांकडे तयारच होती. आजीकडचं गाडं तिच्या वडिलांच्या मागे सरकतच नाही. ऑनलाइन जुने फेरफार (जमिनीच्या नोंदी) शोधले, गावच दिसत नाही. वरून दोघांची लग्नाच्या सालावरून रोज जुंपते. प्रेसवाला फोनवर फोन करून राहिला आहे. लवकर सांगा.

गोदाकाठ: सरळ त्र्यंबकेश्वर गाठा. तिथले तीर्थोपाध्याय यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी ठेवतात, त्यांच्या वह्यांत आमच्या खापरपणजोबांची सही सापडली. फक्त आडनाव आणि मूळ गाव पक्कं पाहिजे.

वऱ्हाडी_मिरची: आडनाव कोणाचं, सासरचं की माहेरचं? आमच्याही घरचं पान तिथे आहे. पुरुषांची रांगच रांग, आणि पणजी म्हणजे नुसती ‘भार्या’. प्रश्न आजीच्या माहेराचा आहे, दादा.

गोदाकाठ: मग माहेरच्या आडनावाने विचारायचं. तिच्या भावा-वडिलांपैकी कोणी गेलं असेल तर नोंद असणार. न जाताच नाही कसं म्हणता?

महालकर: रविवारच्या आत त्र्यंबकला कोण जाणार? आणि गाव सौंसरकडचं आहे, त्यात काय विशेष?

निवृत्त_बाबू: अहो, सगळं विशेष त्यातच आहे! सौंसर मध्य प्रदेशात. महाराष्ट्राच्या साइटवर जन्मभर शोधाल तरी मिळणार नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते, राजधानीही आपलं नागपूरच. त्या दिवशी आपण मुंबई राज्यात गेलो, सौंसर तिकडेच राहिलं. आता 2023 पासून ते पांढुर्णा जिल्ह्यात आहे, पण जुने कागद छिंदवाड्याच्या रेकॉर्ड रूमला विचारा. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1951 साली गेली, त्याआधीच्या कागदांसाठी गाव कोणत्या मालगुजाराचं होतं ते कळलं तर काम सोपं होतं. आजी शाळेत गेल्या होत्या का?

महालकर: नाही. धाकटा भाऊ गेला होता, तो वारला.

निवृत्त_बाबू: मग भावाची दाखल-खारीज काढा. शाळेच्या रजिस्टरात वडिलांचं नाव, गाव, जात, जन्मतारीख, सगळं असतं. हेडमास्तरांना साधा अर्ज द्यायचा. आमच्या भागात जात पडताळणीसाठी लोक हेच रजिस्टर धुंडाळतात.

बोरूबहाद्दर: मोडी शिकून घ्या. महिन्याभरात वाचता येते. मी अक्षरांचा तक्ता पाठवतो.

वऱ्हाडी_मिरची: कार्यक्रम रविवारी आहे, भाऊ. आणि आधी कागद तर हाती येऊ द्या.

नियमवाला: लग्नाची नोंदणी आताही करता येते. 1998 च्या कायद्याखाली महापालिकेत अर्ज द्या, तीन साक्षीदार आणि फोटो लागतात. दाखला मिळतो.

महालकर: दाखला कोणी मागितला?

छोटीलाइन: सौंसर म्हटलं की नॅरोगेज आठवते! ती 2015 मध्ये बंद पडली. वरात तिच्यानेच आली होती का? माझ्या मावशीची आली होती, बाशिंग खिडकीत अडकलं होतं.

महालकर: वरात बैलगाडीने. आता सालाचं कोणी सांगा. आजोबा म्हणतात 25 मे 1961. आजी म्हणते, महाराष्ट्र झाला त्याच आठवड्यात, मांडवात तेच बोलणं चालू होतं.

पंचांगवाले_काका: 1961 ला अधिक ज्येष्ठ होता, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्या काळात, तेही खेड्यात, अधिकात लग्न कोण लावणार? आजोबांची तारीख जमत नाही. महाराष्ट्र 1 मे 1960 चा. मी आजींच्या बाजूने.

गोदाकाठ: आजोबांचा महिना चुकला असेल, साल बरोबर असू शकतं. चैत्र-वैशाखात लग्नं होतातच की.

पंचांगवाले_काका: तारीख, वार, सगळं सोडून फक्त साल बरोबर? आणि आजींनी तर आख्खी घटनाच सांगितली आहे.

वऱ्हाडी_मिरची: ताईंनो, दादांनो, आहेराची वही कोणी विचारली का? कोणत्या गावच्या कोणी किती टाकले, सगळं लिहिलेलं असते. माहेरचे मामे, मावसे, साडू, सगळे त्यातच सापडतात. लेकीच्या लग्नाची वही माहेरी राहते. भावाच्या पोरांना विचारा.

निवृत्त_बाबू: हे बरोबर. रकमा आण्यात आहेत का तेही पाहा. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले.

पंचांगवाले_काका: त्याने साल ठरणार नाही. लोक पुढेही कितीक वर्षं आण्यातच बोलत आणि लिहीत.

जेवणाची_चिंता: कार्यक्रमाला पाटवडी-रस्सा ठेवा. पनीर नको, राजेहो.

महालकर: आजीच्या भाच्याने वहीचे फोटो पाठवले. तारखेचं पान फाटलेलं आहे. पण ‘मामा, मोहगाव, रुपये 2 व पातळ’ असं आहे. मोहगाव ऐकून आजी आपणहून तिच्या आजोळची नावं सांगू लागली, चार पिढ्या झाल्या. हे आधी कोणालाच माहीत नव्हतं. आजोबा 61 वरच अडून आहेत, पुस्तिकेत दोन्ही सालं छापतो.

निवृत्त_बाबू: मोहगाव हवेली का? की दुसरं? सौंसर भागात असेल तर शाळा मी पाहिलेली आहे. भावाचं शिक्षण आजोळी झालं असेल तर रजिस्टर तिथेच. पूर्ण नाव मेसेजमध्ये टाका, इथे नको.

छोटीलाइन: बैलगाडीने किती दिवस लागले होते?