मदत हवी आहे: पुण्यातली पोलीस ठाणेनिहाय बालगुन्हेगारीची आकडेवारी कशी मिळवायची?

एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातली मास्टर्स) प्रोजेक्ट आहे, एका वस्तीतली पोरं कोयत्यापर्यंत पोचतात आणि शेजारच्या वस्तीतली का नाही, एवढंच बघायचंय. शिकागोत शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये दाखवलं होतं की गरीब, सतत भाडेकरू बदलणाऱ्या भागात माणसं बदलली तरी गुन्ह्यांचं प्रमाण तसंच राहतं, तेच इथे तपासायचंय. एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकडे बघितले पण ते अख्ख्या शहराचे. २०११ च्या जनगणनेत वॉर्डवार माहिती आहे, पण ठाण्यांच्या हद्दी वॉर्डांशी जुळतील तर शपथ! आरटीआय टाकला, मुलांची ओळख गोपनीय म्हणून नकार आला. अहो, नावं मागितलीच नव्हती, नुसती संख्या हवीय. अपिलाला वेळ आहे, सबमिशनला नाही. नवीन अर्जात नेमकं काय लिहू म्हणजे ठाणेनिहाय आकडे देतील?