मामेबहिणीशी झालेल्या लग्नाची वंशावळ आणि लिंकेजचा प्रोग्राम

प्रश्न (संशोधक विद्यार्थी, जळगाव):
यावल तालुक्यातील एका कुटुंबात जन्मजात बहिरेपणाचे ५ जण आहेत. एकूण ३१ व्यक्तींची वंशावळ मी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तयार केली असून तीत मामेबहिणीशी झालेले एक लग्न आहे. आजाराचे जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे ते कुटुंबातील वारशावरून शोधणारा (म्हणजे लिंकेजचा) प्रोग्राम मर्लिन मात्र हे कुटुंब मोठे असल्याचे सांगून वगळतो. ३१ माणसे म्हणजे एवढे मोठे कुटुंब आहे का?

उत्तर (धुळे):
प्रश्न नुसत्या डोक्यांचा नाही. मर्लिन लँडर-ग्रीन पद्धतीने चालतो. तीत आईवडील वंशावळीत असलेल्यांची संख्या दुप्पट करून त्यातून आईवडील वंशावळीत नसलेल्यांची संख्या वजा करतात. तुमच्याकडे २० आणि ११ असतील, तर ४० वजा ११, म्हणजे २९ बिट (वारशाच्या शक्यता मोजण्याचे एकक) होतात, आणि मूळ मर्यादा २४ ची आहे. सासरी गेलेल्या दोन बहिणी, त्यांचे नवरे आणि एकेक मूल यांचे डीएनएचे नमुने नसतील, तर ते सहा जण काढा. २३ बिट उरतील. पण नवरा-बायकोला जोडणारे आजी-आजोबा, नमुने नसले तरी, काढू नका. नाही तर प्रोग्राम त्या दोघांना परके समजेल आणि या लग्नातून मिळणारी सगळ्यात मोलाची माहिती हातची जाईल.

उत्तर (शहादा):
वंशावळ अखंडच ठेवायची असेल, तर १९७१ ची एल्स्टन-स्टुअर्ट पद्धत वापरणारे प्रोग्राम आहेत. त्यांना माणसे कितीही चालतात, मार्कर (गुणसूत्रावरील ओळखीच्या खुणा) मात्र थोडेच, आणि नात्यातील लग्नामुळे वंशावळीत झालेले वर्तुळ आधी तोडून द्यावे लागते. लॉड (लिंकेजच्या बाजूच्या पुराव्याचा गुण) ३ च्या वर गेल्याशिवाय (म्हणजे १००० ला १) हर्षभरित होऊ नका. आमच्या भागातील सिकलसेलला हा खटाटोप लागत नाही, कारण त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे हे ठाऊकच आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सहा जण काढल्यावरही फाइल अडली, तेव्हा ओळी एकेक करून तपासल्या. '१ १२ ३ ० १ २' (कुटुंब, व्यक्ती, वडील, आई, लिंग, आजार) या ओळीत बाराव्या व्यक्तीच्या वडिलांचा क्रमांक होता, पण आईच्या जागी शून्य होते. त्या माउलीचे नाव कोणालाच आठवत नसल्यामुळे मी ती जागा रिकामी सोडली होती. आता तिला ३२ क्रमांक देऊन तिची वेगळी ओळ घातली आहे. बिट एकाने कमी होऊन २२ झाले आणि प्रोग्राम चालू आहे.