मदत हवी आहे : शाळा व्यवस्थापन समितीतील एकट्या पालक सदस्याला कायद्याने काय करता येते?

सप्रेम नमस्कार.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम २१ (शाळा व्यवस्थापन समिती) आणि कलम ३२ (तक्रार निवारण) यांच्या प्रत्यक्ष वापराबद्दल मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. शिक्षण विभागात काम केलेले, शिक्षक असलेले किंवा अशी तक्रार स्वतः शेवटपर्यंत नेलेले कोणी येथे असतील तर त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. गावाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम देत नाही. कोणावर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. मुलांना शिक्षक मिळावा, एवढेच हवे आहे.

आमची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा पहिली ते पाचवीपर्यंत असून पट ७३ आहे. कायद्याच्या अनुसूचीनुसार ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक हवेत, आणि कागदावर ते आहेतही. त्यांपैकी एक शिक्षक गेल्या शैक्षणिक वर्षापासून तालुक्याच्या कार्यालयात प्रतिनियुक्तीवर आहेत. म्हणजे पद भरलेले दिसते, म्हणून नवीन शिक्षक मागता येत नाही, आणि पाच वर्गांना माणसे दोनच. मुख्याध्यापक पोषण आहाराच्या नोंदी, टपाल आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकले की पाचही वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात पडतात. पहिलीच्या मुलांना पाटीवर काहीतरी गिरवायला देऊन त्या पाचवीचा भागाकार घेतात, आणि तोही अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिलीकडे वळतात.

मी स्वतः शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. हे मला फलकावर यादी लागल्यावर कळले, कारण सदस्य निवडण्यासाठी पालकांची सभा झालीच नव्हती. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, हे कायद्याचे प्रमाण यादीत मात्र अगदी काटेकोर पाळलेले आहे. बैठकीचे म्हणाल, तर मधल्या सुट्टीत चौथीतला एखादा मुलगा इतिवृत्ताची वही घेऊन घरी येतो. पानावर मागच्या महिन्यातली तारीख असते, विषय क्रमाने लिहिलेले असतात, प्रत्येक विषयाखाली “सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली” हे वाक्य असते, सूचक आणि अनुमोदक म्हणून आमच्यापैकीच कोणाची तरी नावे असतात, आणि उजवीकडच्या रकान्यात आपापल्या नावापुढे सही करायची असते. गेल्या खेपेस मी सही न करता वही परत पाठवली. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला : “ताई, सर भले माणूस आहेत. उगाच वाद कशाला?”

सर भले आहेत याविषयी माझे दुमत नाही, आणि दोन माणसांवर पाच वर्ग टाकल्यावर दर महिन्याला रीतसर बैठक घेणे त्यांना जड जाते हेही मला दिसते. परंतु कलम २१ प्रमाणे शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे आहेत, आणि कलम २२ प्रमाणे तो आराखडा शासनाने द्यायच्या अनुदानाचा आधार असतो. केंद्राच्या नमुना नियमांत तर आराखड्यात वाढीव शिक्षकांची गरज अनुसूचीच्या निकषांनुसार मांडावी असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा ज्या कागदाच्या बळावर आम्ही आमचा तिसरा शिक्षक परत मागू शकलो असतो, तोच कागद आमच्या सह्यांनिशी दर महिन्याला “सर्व काही ठीक आहे” असे सांगत आहे. माझी खरी अडचण ही आहे.

आता प्रश्न. बैठक न होता लिहिलेल्या इतिवृत्तावर एखाद्या सदस्याला लेखी असहमती नोंदवता येते का, आणि ती वहीतच नोंदवावी की स्वतंत्र पत्राने कळवावी? ‘समग्र शिक्षा’ या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून आमच्या पटाच्या शाळेसाठी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद आहे. त्याचा हिशोब आणि बँकेचे पासबुक सदस्य या नात्याने नुसते मागितले तर दाखवणे बंधनकारक आहे, की त्यासाठी माहितीचा अधिकारच वापरावा लागतो?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कलम ३२ चा. “बालकाच्या हक्कासंबंधी” गाऱ्हाणे असलेली कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते, असे ते कलम म्हणते. समितीची बैठक न होणे हे बालकाच्या हक्कासंबंधीचे गाऱ्हाणे ठरते का? कायद्याने पालकांना जो अधिकार दिला तो बहुतांशी समितीच्या मार्फत, सामूहिक स्वरूपात दिला आहे, आणि समितीच सह्यांपुरती उरली असेल तर एकट्या पालकाने कशाच्या आधारे उभे राहावे, हे मला कायदा पुन्हा पुन्हा वाचूनही उमगलेले नाही.

प्रतिसाद

ताई, प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून नेमकेच लिहितो. तक्रार समितीवर बेतू नका, शिक्षकावर बेता. समिती कागदावर चालते हे सिद्ध करायला गेलात तर इतर सदस्यांच्या सह्या तुमच्या विरोधात उभ्या राहतील आणि गावात दोन तट पडतील, ते वेगळेच. याउलट कलम २५ चे पोटकलम २ पाहा : शिक्षक-विद्यार्थी प्रमाण राखण्यासाठी, एखाद्या शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावता येत नाही. कलम २७ मधील अपवाद दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपुरतेच आहेत. तालुक्याच्या कार्यालयातली वर्षभराची प्रतिनियुक्ती यांपैकी कशातच बसत नाही. हे गाऱ्हाणे थेट बालकाच्या हक्काचे आहे आणि त्यासाठी समितीचा ठराव लागत नाही.

अर्ज जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कलम ३२ नुसार संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्जात पट, मंजूर पदे आणि प्रत्यक्ष वर्गावरचे शिक्षक एवढेच लिहा. प्रतिनियुक्तीच्या आदेशाची प्रत मात्र आधी मिळवा, आणि ती माहितीच्या अधिकारातच मिळेल; दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. त्याच अर्जात अनुदानाचा खर्चही मागता येईल, पण माझे ऐकाल तर या दोन गोष्टी एकत्र करू नका. पैशांचा विषय निघाला की मुख्याध्यापक बचावात जातात, आणि शिक्षक परत मिळवण्यात तुमचा सर्वांत उपयोगी साक्षीदार तेच आहेत.

इतिवृत्ताबाबत : वहीत खाडाखोड करू नका. सचिव या नात्याने मुख्याध्यापकांना साधे पत्र द्या की अमुक तारखेच्या बैठकीची सूचना मला मिळाली नाही, मी हजर नव्हते, सबब सही केलेली नाही; पुढील बैठकीत शिक्षक संख्येचा विषय घ्यावा. नमुना नियमांनुसार महिन्यातून किमान एक बैठक व्हावी लागते आणि इतिवृत्त लोकांना पाहण्यासाठी खुले असते, हे त्यात नम्रपणे नमूद करा. अनुदानित शाळांत ही समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्लागार उरली आहे. तुमची शाळा जिल्हा परिषदेची असल्याने ती पळवाट तेथे नाही.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. कलम २५ चे ते पोटकलम मी केवळ प्रमाणाच्या तक्त्यासाठी वाचत होते. कार्यालयाचा उल्लेख तेथेच आहे, तेव्हा अर्ज त्याच आधारावर लिहिते. हिशोबाचा विषय आपण म्हणता तसा तूर्त बाजूला ठेवते, मात्र सोडून देत नाही. पुढील बैठकीच्या विषयाचे पत्र उद्याच सरांच्या हाती देईन. ते स्वतःही तिसऱ्या शिक्षकासाठी तोंडी पाठपुरावा करत आहेत असे बाईंकडून कळले आहे.

एक शंका उरते. कलम ३२ च्या अर्जात पाल्याचे नाव आणि इयत्ता लिहावीच लागते का? “कोणतीही व्यक्ती” असे शब्द असल्याने समिती सदस्य एवढी ओळख पुरेशी ठरावी असे मला वाटते, परंतु चौकशीसाठी आलेले अधिकारी वर्गात शिरून “तक्रार केलेल्या बाईंचा मुलगा कोणता?” असे विचारणार नाहीत, याची खात्री वाटत नाही. कोणी असा अर्ज पाल्याचे नाव न देता केला असेल आणि तो दाखल करून घेतला गेला असेल, तर त्यात स्वतःची ओळख कशी लिहिली होती ते कृपया सांगावे.